छोट्या वेब ॲपमध्ये फॅव्हिकॉनची रिक्वेस्ट नीट कशी हाताळायची

पान एकदाच उघडलं तरी व्हिजिटर काउंटर दोनने वाढतो. लॉगिन केल्यावर डॅशबोर्डऐवजी कोऱ्या पानावर एक इवलंसं चित्र दिसतं. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ‘फॅव्हिकॉन.आयसीओ’ नावाची नोंद कुणीही न करता उगवलेली असते. टर्मिनलमधून पत्ता मागवणाऱ्या कर्लने तपासलं तर सगळं ठीक आणि ब्राउझरमध्ये उघडलं की गडबड. हे प्रश्न वेगवेगळे म्हणून विचारले जातात, पण त्यांच्या मुळाशी एकच रिक्वेस्ट असते. ती तुमच्या कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसते, ब्राउझर ती स्वतःहून पाठवतो.

ब्राउझरला टॅबवर दाखवायला एक छोटं चित्र हवं असतं, त्यालाच फॅव्हिकॉन म्हणतात. पानाच्या हेडमध्ये आयकॉनचा लिंक टॅग सापडला नाही, तर ब्राउझर त्याच साइटच्या मुळाशी जाऊन ‘/फॅव्हिकॉन.आयसीओ’ मागतो. तुम्ही पानाऐवजी नुसता जेसन परत करत असाल तरी मागतो, कारण तिथे लिंक टॅग असण्याचा प्रश्नच नसतो. कर्ल मात्र सांगितलं तेवढंच आणतं, म्हणून तिथे काही बिघडलेलं दिसत नाही.

यावर बहुतेक जण कुठून तरी एक आयकॉन उचलून पब्लिक फोल्डरमध्ये टाकतात. कधी चालतं, कधी नाही. फाइल असणं हा यातला सोपा भाग आहे. लोक चुकतात ते क्रमात. सेशन, लॉगिनची तपासणी, काउंटर आणि डेटाबेस यांच्यापर्यंत पोचण्याआधीच या रिक्वेस्टचं उत्तर देऊन ती वाटेला लावायची असते.

उदाहरणासाठी एक छोटं ॲप धरू: गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल-पावत्या दाखवणारं. नोड आणि त्यावरचं एक्सप्रेस फ्रेमवर्क, मागे मोंगोडीबी, पुढे रिक्वेस्ट आधी झेलणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स. फ्लास्क आणि जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्यापूर्वी

हाताशी एवढं हवं: सर्व्हरचा ॲक्सेस लॉग पाहण्याची सोय, टर्मिनलमध्ये कर्ल, लोगोची चौकोनी मूळ फाइल (एसव्हीजी असेल तर उत्तम, नाहीतर किमान ५१२ × ५१२ पिक्सेलची पीएनजी) आणि ब्राउझरची प्रायव्हेट विंडो. नेहमीच्या विंडोत आयकॉन तपासू नका. ब्राउझर आयकॉन वेगळ्या साठ्यात ठेवतात. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांच्याही प्रोफाइल फोल्डरमध्ये त्यासाठी स्वतंत्र डेटाबेस फाइल असते. पान रिफ्रेश केल्याने तो साठा बदलेलच असं नाही. लोकलहोस्ट ३००० वर गेल्या महिन्यातल्या प्रोजेक्टचा आयकॉन अजून दिसतो, तो याच कारणाने.

टप्पा १: लॉगमध्ये काय येतंय ते पाहा

कोडला हात लावण्याआधी लॉग उघडा. प्रायव्हेट विंडोत तुमचं पान एकदा उघडा आणि कोणते पत्ते मागितले गेले ते टिपा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबवर विसंबू नका. क्रोममध्ये आयकॉनची रिक्वेस्ट तिथे अनेकदा दिसतच नाही. फायरफॉक्समध्ये दिसते आणि ती सुरू करणारा म्हणून ‘फॅव्हिकॉनलोडर’चं नाव येतं. तरी शेवटचा शब्द सर्व्हरच्या लॉगचाच.

‘/फॅव्हिकॉन.आयसीओ’ तर असेलच. आयफोनवाले लोक साइटवर येत असतील, तर ‘/ॲपल-टच-आयकॉन.पीएनजी’ आणि त्याच नावापुढे ‘-प्रीकंपोज्ड’ जोडलेला पत्ताही दिसेल, कधी मध्ये १२०×१२० असं मापही घातलेलं. हा हल्ला नव्हे. सफारी ठरलेली नावं एकामागून एक विचारून पाहतो. हे पाहून आयपी ब्लॉक करायला निघालेले लोक आहेत, त्यांनी जरा थांबावं.

आता त्या ओळींमधला स्टेटस वाचा. पुढचं काम त्यावरून ठरतं.

- ४०४: कुणी उत्तर दिलेलं नाही. फार नुकसान नाही, पण लॉग भरत राहतो आणि ४०४ चं सजवलेलं पान दर वेळी उगाच रेंडर होतं.
- ३०२, तेही लॉगिनकडे: लॉगिनची तपासणी आयकॉनलाही अडवते आहे. टप्पा ४ काळजीपूर्वक वाचा.
- ५००: रिक्वेस्ट तुमच्या एखाद्या आयडीवाल्या राउटमध्ये घुसली आहे.
- २०० आहे, पण टॅबवर आयकॉन नाही: बहुधा आयकॉनच्या नावाखाली एचटीएमएल जातंय. एकपानी ॲपमध्ये हे हमखास होतं.
- पत्ताच विचित्र, जसं ‘/पावती/फॅव्हिकॉन.आयसीओ’: लिंक टॅगमधला पत्ता स्लॅशने सुरू होत नाही. टप्पा ५ पाहा.

टप्पा २: उत्तर काय द्यायचं ते ठरवा

लोक ज्याला वापरणार आहेत अशा ॲपला खरा आयकॉन द्या. दहा टॅब उघडे असले की माणूस आयकॉन पाहूनच टॅब शोधतो.

नुसती एपीआय असेल, तर २०४ म्हणजे ‘मजकूर नाही’ हे उत्तर पुरे. एक्सप्रेसमध्ये त्या पत्त्याचा ‘गेट’ राउट, आत स्टेटस २०४ आणि ‘एंड’, एवढंच. साधं ४०४ दिलं तरी चूक नाही, फक्त ते हलकं असावं: टेम्प्लेट नाही, डेटाबेस नाही, सेशन नाही.

एखाद्या पानापुरती रिक्वेस्टच नको असेल, तर लिंक टॅगच्या एचरेफमध्ये रिकामा डेटा पत्ता लिहिता येतो: ‘डेटा’, कोलन, स्वल्पविराम. ब्राउझरला टॅग सापडतो आणि तो मुळाशी जात नाही. वर्गात सॉकेटवरून हाताने सर्व्हर लिहायला शिकवताना हे फार उपयोगी पडतं, नाहीतर मुलं दुसरं कनेक्शन कुठून आलं ते शोधत बसतात.

इशारा: आयकॉनची रिक्वेस्ट होमपेजकडे रीडायरेक्ट करू नका. रीडायरेक्ट दुसऱ्या आयकॉन फाइलकडे असेल तर ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो. होमपेजकडे पाठवलं तर मात्र प्रत्येक आयकॉनमागे एक अख्खं पान बनवलं जाईल आणि शेवटी फेकून दिलं जाईल.

टप्पा ३: फाइली तयार करा

पन्नास फाइलींचा संच बनवून देणारी संकेतस्थळं आहेत. छोट्या ॲपला तेवढ्यांची गरज नाही. एवढ्या पुरतात:

१. फॅव्हिकॉन.आयसीओ. आयसीओ हा एक डबा आहे. त्यात १६, ३२ आणि ४८ पिक्सेलची चित्रं एकत्र ठेवा. इमेजमॅजिकला तीन पीएनजी देऊन शेवटी आयसीओचं नाव दिलं की तो डबा बनवून देतो.
२. आयकॉन.एसव्हीजी, नव्या ब्राउझरांसाठी.
३. ॲपल-टच-आयकॉन.पीएनजी, १८० × १८०. पार्श्वभूमीला रंग भरा. पारदर्शक ठेवली तर आयफोनच्या होमस्क्रीनवर तिथे काळं येतं.
४. ॲप फोनवर इन्स्टॉल करता यावं असं वाटत असेल, तरच मॅनिफेस्टसाठी (ॲपचं नाव, आयकॉन वगैरे सांगणारी फाइल) १९२ आणि ५१२ पिक्सेलच्या दोन पीएनजी. ‘मास्केबल’ आयकॉन देणार असाल, तर चित्राचा महत्त्वाचा भाग मधल्या वर्तुळात बसवा. त्या वर्तुळाचा व्यास रुंदीच्या ८० टक्के असतो. बाहेरचं कुठलाही फोन छाटू शकतो.

पीएनजीचं नाव बदलून शेवटी आयसीओ लावणं ही जुनी पळवाट आहे. बरेच ब्राउझर आतलं पाहून ती खपवून घेतात, पण प्रत्येक साधन तेवढं उदार नसतं. शहानिशा सोपी आहे. लिनक्स किंवा मॅकवर ‘फाइल’ कमांड चालवा. खऱ्या आयसीओला ती विंडोज आयकॉन म्हणते आणि आत किती चित्रं आहेत तेही सांगते. हेक्समध्ये उघडलं तर खऱ्या आयसीओचे पहिले चार बाइट ००, ००, ०१, ०० असतात.

देवनागरी अक्षराचा आयकॉन करणाऱ्यांना दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात. १६ पिक्सेलमध्ये अख्खा शब्द मावत नाही, जोडाक्षरही बहुधा नाही. ‘पावती’ लिहू नका, ‘प’ लिहा. शिरोरेषा पूर्ण पिक्सेलवर बसवा; ती दोन पिक्सेलांच्या मध्ये पडली की राखाडी पट्टा होतो आणि अक्षर डोक्यावरूनच विरतं. दुसरं म्हणजे, एसव्हीजीमध्ये अक्षर मजकूर म्हणून ठेवू नका, त्याचा पाथ करा. चित्र म्हणून वापरलेली एसव्हीजी बाहेरचा वेबफॉन्ट आणत नाही. तुमच्या लॅपटॉपवर सुबक दिसणारं अक्षर दुसऱ्याच्या संगणकावर सिस्टिमच्या फॉन्टमध्ये उतरतं. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं की काम झालं.

काळ्या रेषांचा पारदर्शक लोगो डार्क मोडमध्ये टॅबवरून नाहीसा होतो. एकतर मागे रंग द्या, किंवा एसव्हीजीच्या आतच डार्क मोडसाठी वेगळा रंग लिहा.

तपासा: फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत आहेत ना? विंडोजवर पहिलं अक्षर मोठं असलं तरी फाइल सापडते, लिनक्स सर्व्हरवर सापडत नाही. ‘माझ्याकडे चालतंय, सर्व्हरवर नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच बघा.

फ्रेमवर्कसोबत आलेला आयकॉन तसाच ठेवू नका. आयकॉनचा हॅश (फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा) काढून आतलं सॉफ्टवेअर ओळखता येतं आणि शोदानसारख्या शोधयंत्रावर त्या हॅशने सर्व्हर शोधताही येतात. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने आपला हिरव्या पानाचा आयकॉन २.२ या आवृत्तीपासून काढून टाकला, तोही अशी माहिती बाहेर जाऊ नये म्हणूनच.

टप्पा ४: रिक्वेस्टला दारातच उत्तर द्या

घाई असेल तर बाकीचे टप्पे चाळा, हा मात्र पूर्ण वाचा.

एक्सप्रेस मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट राउटपर्यंत पोचण्याआधी चालणारी फंक्शनं, लिहिलेल्या क्रमानेच चालवतो. म्हणून ॲप सुरू होणाऱ्या फाइलमधला क्रम असा हवा:

१. आयकॉन आणि बाकीच्या स्थिर फाइली
२. लॉगर (तात्पुरता हा पहिल्या जागी ठेवा, का ते टप्पा ६ मध्ये)
३. कुकी आणि सेशन
४. लॉगिनची तपासणी
५. रेट लिमिट, काउंटर वगैरे
६. तुमचे राउट
७. ४०४

बहुतेकांच्या फाइलमध्ये सेशन आणि लॉगिनच्या ओळी आधी असतात आणि स्टॅटिक कुठेतरी खाली चिकटवलेलं असतं. त्याचे परिणाम एकेक करून पाहू.

*लॉगिननंतर आयकॉनवर पोचणं.* समजा, एक सभासद लॉगिन न करता पावतीचं पान उघडतो. तुमचं मिडलवेअर ‘परत कुठे जायचं’ म्हणून पावतीचा पत्ता सेशनमध्ये ठेवतं आणि त्याला लॉगिनकडे पाठवतं. लॉगिनचं पान उघडतं. आता ब्राउझर आयकॉन मागतो. मिडलवेअरच्या दृष्टीने हीसुद्धा लॉगिन न केलेली रिक्वेस्टच, म्हणून ते सेशनमधला पावतीचा पत्ता पुसून तिथे आयकॉनचा पत्ता लिहितं. सभासद पासवर्ड टाकतो आणि थेट चित्रावर जाऊन पडतो. दुसऱ्यांदा करून पाहिलं की आयकॉन ब्राउझरच्या साठ्यात असतो, रिक्वेस्ट येतच नाही आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच ही चूक सापडायला वेळ लागतो. तक्रार करणारा खोटं बोलतोय असं वाटू लागतं. स्प्रिंग सिक्युरिटी असा पत्ता लक्षात ठेवताना फॅव्हिकॉन मुळातच वगळते. एक्सप्रेसमध्ये ते तुम्हालाच करायचं आहे. क्रम बदला, शिवाय परतीचा पत्ता फक्त एचटीएमएल मागणाऱ्या गेट रिक्वेस्टसाठीच जपा.

*आयडीवाला राउट.* ‘/:आयडी’ असा राउट मुळाशीच असेल, तर ‘फॅव्हिकॉन.आयसीओ’ हाच आयडी समजून मोंगूजकडे (नोडमधून मोंगोडीबीशी बोलणारं पॅकेज) जातो आणि ‘कास्ट टू ऑब्जेक्टआयडी फेल्ड’ अशी एरर येते. पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाच्या जागी मजकूर आल्याची तक्रार येते. आणि ‘या नावाची यादी नसेल तर तयार कर’ अशा धाटणीचं ॲप असेल, तर ते आज्ञाधारकपणे त्या नावाची यादी तयार करतं. इथे दोन दुरुस्त्या लागतात, एक पुरत नाही. पहिली म्हणजे क्रम. दुसरी म्हणजे आयडीची तपासणी: ऑब्जेक्टआयडी २४ हेक्स अक्षरांचा असतो, तसा नसेल तर डेटाबेसला न विचारता ४०४. ही तपासणी आयकॉनपुरती नाही. पत्त्यात काहीबाही घालून पाहणारे बॉट रोज येतात. जमत असेल तर राउट ‘/पावती/:आयडी’ असा करा, म्हणजे मुळाशी गर्दी राहणार नाही.

*काउंटर.* मोजणी ‘ॲप.यूज’मध्ये किंवा नोडच्या साध्या एचटीटीपी सर्व्हरच्या कॉलबॅकमध्ये असेल, तर पान एक आणि आयकॉन एक, असे दोन आकडे वाढतात. यावर कुणीतरी शेवटी भागिले दोन करतो! आयकॉन दर वेळी मागितला जात नाही, त्यामुळे तो भागाकारही चुकतो. मोजणी त्या पानाच्या राउटमध्ये ठेवा.

*सेशन.* कोऱ्या सेशनही साठवायची सेटिंग चालू असेल, तर कुकी नसलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला नवी सेशन मिळते, बॉटने मागितलेल्या आयकॉनलासुद्धा. शिवाय तुमच्या ४०४ च्या पानात फ्लॅश संदेश (एकदाच दाखवून पुसला जाणारा) दाखवायची सोय असेल, तर पुढच्या पानासाठी ठेवलेला ‘पावती जतन झाली’ हा संदेश आयकॉनच्या न दिसणाऱ्या ४०४ मध्येच खर्ची पडू शकतो. सर्व्हरलेस होस्टिंगवर तर प्रत्येक आयकॉन म्हणजे फंक्शनची एक जादा फेरी.

इशारा: ‘एक्सप्रेस.स्टॅटिक’ला फाइल सापडली नाही, तर तो ४०४ देत नाही, रिक्वेस्ट पुढे ढकलतो. म्हणजे ‘ॲपल-टच-आयकॉन-प्रीकंपोज्ड’ ही फाइल तुम्ही ठेवली नसेल, तर ती रिक्वेस्ट सेशन आणि लॉगिनमधून फिरून थेट आयडीवाल्या राउटवर आदळेल. म्हणून स्टॅटिकच्या लगेच खाली एक छोटा राउट लिहा: पत्ता ‘/ॲपल-टच-आयकॉन’ने सुरू होत असेल किंवा फॅव्हिकॉनचा असेल, तर इथेच ४०४ देऊन थांबा.

‘सर्व्ह-फॅव्हिकॉन’ हे पॅकेज वापरत असाल, तर ते फक्त फॅव्हिकॉन.आयसीओपुरतं आहे, हे लक्षात असू द्या. मी ते नव्या कामात घेत नाही, स्टॅटिक पुरतं.

बाकीच्या फ्रेमवर्कमध्ये थोडं निराळं आहे.

फ्लास्कमध्ये स्थिर फाइली ‘/स्टॅटिक/’खाली मिळतात, मुळाशी नाही. म्हणून मुळाच्या पत्त्यासाठी वेगळा राउट लिहून ‘सेंड फ्रॉम डिरेक्टरी’ने फाइल द्या. राउट कोणत्या क्रमाने लिहिले याने तिथे अडत नाही. ठराविक पत्ता बदलत्या पत्त्याच्या आधी जुळतो. अडचण ‘बिफोर रिक्वेस्ट’ची आहे. तो हुक सगळ्यांसाठी चालतो, स्टॅटिक फाइलींसाठीसुद्धा. लॉगिनची तपासणी त्यात असेल, तर सुरुवातीलाच एंडपॉइंट पाहून स्टॅटिक आणि फॅव्हिकॉनला सोडून द्या.

जँगोमध्ये व्ह्यूच्या आधी सगळं मिडलवेअर चालतं, त्यामुळे यूआरएलच्या यादीत आयकॉन वर नेऊन सेशन टळत नाही. स्थिर फाइली देणारं व्हाइटनॉइज हे पॅकेज वापरा, त्याचं मिडलवेअर सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली ठेवा आणि मुळाशी हव्या असलेल्या फाइलींसाठी त्याची ‘रूट’ सेटिंग भरा. ५.१ मध्ये आलेलं ‘लॉगिन रिक्वायर्ड मिडलवेअर’ लावलं असेल आणि आयकॉन व्ह्यूमधून देत असाल, तर त्या व्ह्यूला लॉगिन नको अशी खूण करा. तुटक्या लिंकचे ईमेल येत असतील, तर ‘इग्नोरेबल ४०४’च्या यादीत आयकॉनचे पत्ते घाला, जँगोच्या कागदपत्रांतलं उदाहरणच ते आहे.

नेक्स्ट.जेएसमध्ये ‘ॲप’ फोल्डरच्या मुळाशी फाइल ठेवली की ती आपोआप जोडली जाते, पण स्वतःचं मिडलवेअर लिहिलं असेल तर मॅचरमधून फॅव्हिकॉन वगळायला विसरू नका.

तपासा: कर्लने आयकॉनचा पत्ता हेडरसकट मागवा. उत्तरात ‘सेट-कुकी’ दिसता कामा नये. दिसत असेल, तर रिक्वेस्ट अजून सेशनपर्यंत पोचते आहे, मग चित्र कितीही छान दिसत असो.

टप्पा ५: पानात लिंक टॅग लिहा

मुळाशी फाइल असली तरी टॅग लिहा. तुमचं ॲप एखाद्या डोमेनच्या ‘/पावत्या/’ अशा उपपत्त्यावर बसवलेलं असेल, तर टॅगशिवाय ब्राउझर डोमेनच्या मुळाशी जाईल आणि तिथल्या दुसऱ्याच ॲपचा आयकॉन तुमच्या टॅबवर लावेल.

सामायिक लेआउटच्या हेडमध्ये तीन टॅग पुरे: आयसीओसाठी ‘आयकॉन’, सोबत ३२×३२ हे माप, एसव्हीजीसाठी ‘आयकॉन’, सोबत तिचा टाइप, आणि ‘ॲपल-टच-आयकॉन’. आयसीओच्या टॅगला माप लिहायचं कारण असं की, ते नसलं तर क्रोम एसव्हीजी सोडून आयसीओच उचलतो असा अनुभव येतो.

पत्ता नेहमी स्लॅशने सुरू करा. नुसतं फाइलीचं नाव लिहिलं तर होमपेजवर चालतं, आणि ‘/पावती/४५’वर ब्राउझर ‘/पावती/फॅव्हिकॉन.आयसीओ’ मागतो. होमपेजवरच तपासून समाधान मानणाऱ्यांना हे महिनोन्‌महिने कळत नाही.

एररची पानं आणि लॉगिनचं पान वेगळ्या लेआउटवर असतील, तर तिथेही टॅग हवेत.

इशारा: कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानाने काय कुठून आणावं हे ठरवणारा हेडर) लावली असेल, तर आयकॉन तिच्या ‘आयएमजी-एसआरसी’ नियमाखाली येतो. एक्सप्रेससाठीचं हेल्मेट हे सुरक्षा हेडरांचं पॅकेज जसंच्या तसं वापरलं तर स्वतःच्या साइटवरची चित्रं चालतात, सीडीएनवरची अडतात. मॅनिफेस्टला ‘मॅनिफेस्ट-एसआरसी’ हा वेगळा नियम आहे. शिवाय मॅनिफेस्ट कुकीशिवाय मागितला जातो; तो लॉगिनच्या आत ठेवला असेल तर टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ला ‘यूज-क्रेडेन्शियल्स’ लिहावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे तो लॉगिनच्या बाहेर ठेवणं. त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

टप्पा ६: एनजिनएक्स

समोर एनजिनएक्स असेल, तर रिक्वेस्ट नोडपर्यंत जाऊच देऊ नका. फॅव्हिकॉनसाठी बरोबरच्या चिन्हाचा, म्हणजे तंतोतंत जुळणीचा लोकेशन ब्लॉक लिहा. त्यात फाइल जिथे आहे तो ‘रूट’ सांगा. ‘रूट’ विसरलात तर एनजिनएक्स दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधून ४०४ देतो, आणि नोडच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात.

एकपानी ॲपमध्ये ‘ट्राय फाइल्स’ची ओळ शेवटी इंडेक्स.एचटीएमएलकडे जाते. आयकॉनची फाइल नसली की स्टेटस २०० आणि हातात एचटीएमएल, असा प्रकार तिथूनच होतो. आयकॉनच्या ब्लॉकमध्ये तीच ओळ ‘=४०४’वर संपवा.

त्या ब्लॉकमध्ये ‘ॲड हेडर’ लिहिणार असाल, तर वरच्या पातळीवरचे सगळे ‘ॲड हेडर’ तिथे लागू होणं थांबतं. कॅशेपुरती ‘एक्सपायर्स’ ओळ वापरलीत तर हा प्रश्न येत नाही.

आणि लॉग. इंटरनेटवर सापडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात याच ब्लॉकमध्ये ‘ॲक्सेस लॉग ऑफ’ आणि ‘लॉग नॉट फाउंड ऑफ’ लिहिलेलं असतं. त्या ओळी आत्ता घालू नका. टप्पा ८ होईपर्यंत लॉग हाच तुमचा डोळा आहे. टप्पा ४ मध्ये लॉगर तात्पुरता वर ठेवायला सांगितला, तो याचसाठी.

टप्पा ७: कॅशेची मुदत

‘/फॅव्हिकॉन.आयसीओ’ हे नाव कधी बदलत नाही, म्हणून त्याला एक वर्षाची मुदत देऊ नका. एक दिवस ते एक आठवडा पुरे. ‘सर्व्ह-फॅव्हिकॉन’ची मुदत काही न सांगितल्यास एक वर्ष असते, तेवढी कमी करा.

एसव्हीजी आणि पीएनजी टॅगमधून मागवल्या जातात, त्यामुळे त्यांच्या नावात हॅश किंवा पत्त्यापुढे ‘?व्ही=२’ असं काही जोडता येतं. तिथे लांब मुदत चालते. लोगो बदलला की हा आकडा बदला. लोकांना ‘कॅशे साफ करा’ असं सांगत फिरावं लागणार नाही. २०४ किंवा ४०४ देत असाल तर त्यालाही एका दिवसाची मुदत लिहा.

टप्पा ८: तपासणी, याच क्रमाने

१. कर्लने आयकॉन मागवा. स्टेटस २००, कंटेंट-टाइप ‘इमेज’ने सुरू होणारा (आयसीओला ‘एक्स-आयकॉन’ किंवा ‘व्हीएनडी.मायक्रोसॉफ्ट.आयकॉन’, दोन्ही चालतात), कॅशे-कंट्रोल तुम्ही ठरवलेला, सेट-कुकी नाही. ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ दिसलं तर टप्पा ६ कडे परत.
२. नसलेला आयकॉन मागवा, उदाहरणार्थ प्रीकंपोज्डवाला. साधं, छोटं ४०४ यायला हवं. ३०२ किंवा ५०० नको.
३. लॉगआउट अवस्थेत, नव्या प्रायव्हेट विंडोत आतल्या पावतीचा पत्ता उघडा, लॉगिन करा. त्याच पावतीवर पोचायला हवं. आयकॉन साठ्यात असला तर ही चाचणी फसवी ठरते, म्हणून दर वेळी आधीच्या सगळ्या प्रायव्हेट विंडो बंद करून नवी उघडा.
४. होमपेज सोडून किमान एका खोल पत्त्यावर टॅबचा आयकॉन पाहा. एकदा लाइट आणि एकदा डार्क मोडमध्ये.
५. डेटाबेसमध्ये ‘फॅव्हिकॉन’ शब्द असलेल्या जुन्या नोंदी शोधून काढून टाका. कोड सुधारला तरी त्या आपोआप जात नाहीत.
६. एका दिवसाचा लॉग चाळा. आयकॉनच्या पत्त्यांवर ३०२ आणि ५०० शून्य असतील, तर आता एनजिनएक्समध्ये त्या ‘ऑफ’च्या दोन ओळी घाला आणि एक्सप्रेसमधला लॉगर स्टॅटिकच्या खाली आणा.

गूगलच्या शोधनिकालांत आयकॉन दिसावा असं वाटत असेल, तर रोबोट्स.टीएक्सटी फाइलने होमपेज किंवा आयकॉन अडवलेला नाही ना ते पाहा. चित्र चौरस आणि ४८ पिक्सेलपेक्षा मोठं ठेवा आणि त्याचा पत्ता वरचेवर बदलू नका. गूगल एका होस्टनावाला एकच आयकॉन धरतं, त्यामुळे उपपत्त्यावरच्या ॲपला तिथे वेगळा आयकॉन मिळत नाही. बदल दिसायला काही दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. तेवढ्यात कोड पुन्हा उचकटू नका.